फरशीतले जीव

चंदना चौगुले रस्त्याने चालते ती खाली बघून. जयसिंगपुरात नव्याने राहायला आली तेव्हा शेजारच्या बाईने दोन-तीनदा तिला असं चालताना पाहिलं आणि न राहवून विचारलं, काकू, काय पडलंय का तुमचं? पडलं काही नव्हतं. हेरवाडच्या माहेरी आईने तिला चालायला शिकवलं तेव्हाच खाली बघायलाही शिकवलं होतं. पायाखाली मुंगी येऊ नये, गोगलगाय येऊ नये, पावसाळ्यात त्या लाल मखमली किड्यावर टाच पडू नये. वयाची पंचावन्नी आली तरी ती नजर सुटली नाही. पाणी फडक्याने गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, चातुर्मासात कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. कुणाला दाखवायला म्हणून ती हे करत नव्हती. उजव्या हाताने जेवावं तसं ते तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

त्यामुळे नव्या घराच्या फरशीत काय आहे ते घरात सगळ्यांच्या आधी तिलाच दिसलं.

त्याआधीचा सगळा संसार कुरुंदवाडात झाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. एकोणीस सालच्या महापुरात त्या घराच्या पत्र्याला पाणी लागलं. होडी दारात आली तेव्हा नवऱ्याने, श्रीपालने, गोठ्यातल्या तांबूचं दावं कापून तिला मोकळं केलं. गाय पोहत उसाच्या बाजूला गेली. तिची शिंगं आणि वर काढलेलं नाक एवढंच चंदनाने होडीतून पाहिलं. नंतर तांबू कुणाला दिसली नाही, जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. काळा, मऊ, लोण्यासारखा. आणि चंदनाच्या स्वयंपाकघरात, ज्या ओट्यावर कधी अंड्याचं टरफल आलं नव्हतं, त्या ओट्याखाली मासे मरून पडले होते. लहान, चांदीसारखे, एकावर एक. गाळात शिंपले होते, खेकड्याचे पाय होते, गोगलगाई होत्या. तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक उचलून पाटीत घातला आणि पाटी नदीला नेऊन रिकामी केली. परत येताना प्रत्येक वेळी तिच्या पावलांचे ठसे त्या गाळात उमटलेले तिला दिसायचे. वरचा थर वाळून त्याच्या खपल्या निघाल्या तरी खालचा ओलाच राहायचा. गोठ्यातला गाळ तर त्यांनी पुरता काढलाच नाही. तो तिथेच बसला आणि वर पुढच्या पुराचा बसला. एकवीस साली पाणी परत आलं तेव्हा श्रीपाल म्हणाला, आता बास, चल.

श्रीपालचं फरशीचं दुकान जयसिंगपूर-शिरोळ रस्त्यावर. मार्बल, ग्रॅनाइट, कडप्पा, टाइल्स, सगळं. दुकानाच्या मागच्या प्लॉटवर त्याने घर बांधलं. फरशीवाल्याचं घर म्हणजे त्याच्या दुकानाचा नमुनाच, असं तो म्हणायचा. शिरोळ तालुक्यात कुणाच्या घरात नसेल असा दगड त्याला घालायचा होता. राजस्थानात जाऊन त्याने स्वतः निवडून आणला. जैसलमेरकडचा पिवळा, मधाच्या रंगाचा, आत बदामी आणि विटकरी नक्षी असलेला. दुसरा लॉट विकायला गोडाऊनमध्ये लावला. वास्तुशांतीला आलेले लोक आधी देव्हाऱ्याला हात जोडायचे आणि मग वाकून फरशीवरून हात फिरवायचे. श्रीपाल दारात उभा राहून मिशीत हसत होता.

चंदनालाही ती फरशी आवडली. गार होती, उजळ होती, तिच्यावर पुराची खूण नव्हती.

मग दिवाळीच्या आधी घर धुवायला काढलं. दुपारची वेळ होती. चंदना हॉलमध्ये पाणी ओतून खराट्याने ओढत होती. पाणी पसरलं आणि दगडाचा रंग गडद झाला. स्वयंपाकघराच्या दाराशी तिला एक वेटोळं दिसलं. ताटलीएवढं, जिलबीसारखं आत आत वळत गेलेलं, त्यावर बारीक आडव्या रेघा. कोरड्या फरशीत ते डागासारखं वाटायचं, पण पाण्याखाली सगळं उठून आलं. ती खाली बसली. बोट फिरवलं तर दगड गुळगुळीत होता. मग तिने तांब्याने पुढच्या लादीवर पाणी टाकलं. तिथे शिंपल्याच्या फाका होत्या, पंख्यासारख्या. त्याच्या पुढच्या लादीवर अजून एक वेटोळं, मशीनने अर्धं कापलेलं, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग कुठेच नाही. ती तांब्या घेऊन सरकत सरकत देव्हाऱ्यापर्यंत गेली. जिथे जिथे पाणी पडलं तिथे तिथे काहीतरी वर आलं. मग पाणी वाळत गेलं तसं एकेक करून सगळं परत आत गेलं.

रात्री तिने श्रीपालला सांगितलं. तो म्हणाला की त्याचेच तर पैसे दिलेत, त्याला फॉसिल म्हणतात आणि पुण्याचे बिल्डर त्याच्यामागे वेडे झालेत.

मुलगी आदिती दिवाळीला घरी आली. कोल्हापूरला ती भूगर्भशास्त्र शिकत होती. दगडाचा धंदा आहे, पोरगीही दगडच शिकतेय, म्हणून श्रीपालने तिला अडवलं नव्हतं. चंदनाने तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि पाणी टाकलं. आदिती खूश झाली. ती पालथी पडून, गाल फरशीला लावून बघायला लागली. समुद्राच्या तळाची ही माती आहे, घट्ट झालेली, असं तिने सांगितलं. आज जिथे वाळवंट आहे तिथे तेव्हा उथळ समुद्र होता, सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी. प्राणी मेले, तळाला गेले, त्यांच्यावर गाळ बसला, गाळावर गाळ बसला आणि सगळ्याचा दगड झाला.

कोटींच्या आकड्याचं चंदनाला काही वाटलं नाही. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, प्रवचनाला बसून तिने लहानपणापासून याहून मोठे काळ ऐकले होते. योजनभर खोल खड्डा बारीक केसांनी गच्च भरायचा, शंभर वर्षांनी त्यातला एक केस काढायचा आणि खड्डा रिकामा व्हायला जो काळ लागेल तो एक पल्य. अशी कोट्यवधी पल्यं उलटली तरी जिवाचं फिरणं संपत नाही. त्यापुढे सोळा कोटी म्हणजे काय.

ती अडकली गाळाशी. गाळ कसा बसतो ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"शंख हाय न्हवं हा?" तिने विचारलं.

"शंखासारखा दिसतोय, आई. पण आतला जीव वेगळा असायचा. त्याला लांब लांब हात असायचे, आणि डोळे असायचे."

चंदनाने वेटोळ्यावर परत बोट ठेवलं. "म्हंजे बघायचा?"

"बघायचा की. शिकार करायचा तो. बघितल्याशिवाय कसं चालंल?"

आदितीला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने फोनमध्ये चित्रही दाखवलं. पण चंदनाच्या हिशेबात तिथे मोठी उलथापालथ झाली. शंख, शिंपला, गांडूळ हे दोन इंद्रियांचे जीव, त्यांना स्पर्श कळतो आणि चव कळते, एवढं ती पोरसवदा वयात शिकली होती. त्या हिशेबाने तिने फरशीतल्या वेटोळ्याला मनात एक जागा देऊन टाकली होती. डोळे म्हटल्यावर ती जागा मोडली. डोळे असलेला जीव चार इंद्रियांपर्यंत वर सरकतो. त्याने पाणी पाहिलेलं असतं. वरून येणारा उजेड पाहिलेला असतो, आणि कदाचित वरून येणारा गाळही.

आदितीने आपल्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावला होता. पृथ्वीच्या सगळ्या काळाचा, खालून वर चढत जाणाऱ्या रंगीत पट्ट्यांचा. आदिती परत कोल्हापूरला गेली तरी तक्ता राहिला. चंदना रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. हळूहळू पुसता पुसता वाचायला लागली. खाली नुसता रिकामा, लांबच लांब पट्टा. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. मग कुठेतरी वर शिंपले, मासे, मग जमिनीवर आलेले, सरपटणारे, उडणारे. फरशीतल्या वेटोळ्यांचा पट्टा निळा होता, त्याला जुरासिक म्हणतात. माणूस सगळ्यांत वर, नखाने ओरखडा काढावा एवढा. फोनवर तिने आदितीला विचारलं की हे पट्टे बदलतात कुठे, ते कुणी ठरवलं. आदिती म्हणाली की जिथे आधीचे जीव दिसेनासे होतात आणि दुसरे दिसायला लागतात तिथे रेघ मारतात. काही रेघा लहान आहेत. पाच मोठ्या आहेत. त्यांतल्या एका रेघेला तर शंभरातले नव्वद प्रकार गेले.

त्या दिवसापासून तक्ता पुसताना तिचा हात रेघांवरून उचलला जायचा.

आणि ती फरशीवरून कडेकडेने चालायला लागली. भिंतीला लागून एक वीतभर पट्टी श्रीपालने साध्या पांढऱ्या टाइलची घातली होती. तिच्यावरून पावलापुढे पाऊल टाकत ती स्वयंपाकघरातून देव्हाऱ्याकडे जायची, देव्हाऱ्याकडून दाराकडे. हॉलच्या मध्ये तिने घोंगडी टाकली, सतरंजी टाकली, जुन्या साड्यांच्या वाकळा टाकल्या. फरशी ओल्या फडक्याने पुसायची बंद केली, नुसती कोरडी झाडायची. पाणी सांडलं की ती धावायची. भराभर वरून कोरडं फडकं टाकायची, पण तेवढ्यात दिसायचं तेवढं दिसून जायचं. झाकलेलं तिला जास्त कळायचं. दुपारी घरात एकटी बसली की आपण वर आहोत आणि खाली कुणीतरी आहे असं वाटायचं. माडीवर बसावं आणि खालच्या मजल्यावर माणसं असावीत, आवाज येऊ नये पण असणं जाणवावं, तसं. कधी तिला कुरुंदवाडच्या गोठ्याची आठवण व्हायची. तिथल्या गाळाखाली काय काय राहून गेलं असेल. आज तो गाळ आहे. उद्या ते काय होईल, आणि कुणाच्या घरात जाईल.

श्रीपालने आधी चेष्टा केली, मग दुर्लक्ष केलं, मग तो वैतागला. लाखमोलाची फरशी आणि वर वाकळा. गल्लीतल्या बायका विचारतात, फरशी फुटली काय म्हणून. तो एवढंच म्हणाला असता तर निभावलं असतं. पण उन्हाळ्यात विजयसिंहांची भेट झाली आणि सगळं चिघळलं.

विजयसिंह घाटगे कोल्हापूरचे, मोठा बंगला बांधत होते. गोडाऊनमधला सगळा पिवळा लॉट घ्यायला तयार होते, फक्त बसवलेली फरशी कशी दिसते ते बायकोला दाखवायचं होतं. श्रीपाल दोघांना घरी घेऊन आला. आधी फोन करून चंदनाला सांगितलं, त्या चिंध्या काढ. तिने काढल्या. सरबत दिलं. विजयसिंहांची बायको अनुजा मोकळ्या स्वभावाची होती, चपला काढून हॉलभर फिरली. वाकून म्हणाली, वहिनी, ह्यात ही नक्षी कसली हो?

चंदनाला खोटं बोलायची सवय नव्हती. तिने तांब्या आणला आणि अनुजाच्या पायापाशी पाणी ओतलं.

"ह्यो समुद्रातला जीव हाय, ताई. ह्याला डोळं होतं. ह्यो मेला, त्येच्यावर गाळ बसला. तुमी उभ्या हाय तिथं त्येचं तोंड हाय."

अनुजा पटकन मागे सरकली. मागे दुसरं होतं. तिने खाली पाहिलं आणि मग कुठे पाय ठेवावा ते तिला कळेना. ती तशीच एका पायावर रेलून उभी राहिली. विजयसिंह हसले, अगं वहिनी तुला भिववाय लागल्यात, असं काहीतरी म्हणाले. पण अनुजाने पांढऱ्या पट्टीवर येऊन चपला घातल्या आणि ती गाडीत जाऊन बसली. दोन दिवसांनी निरोप आला की त्यांनी टाइल्स ठरवल्या.

श्रीपाल त्या दिवशी जेवला नाही. आडवंतिडवं बोलला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने आवाज चढवला नव्हता असं नाही, पण या वेळी त्यात रागापेक्षा हताशपणा जास्त होता. "मग पाय ठिवायचा तर कुठं ठिवायचा गं? सांग मला. आपला कोल्लापूरचा काळा दगड घालू का? त्यात न्हाय की कोण."

काळ्या दगडात कोणी नाही हे खरं होतं. चंदनाने आदितीला विचारलं. आदिती म्हणाली, तो दगड म्हणजे जमीन फाटून वर आलेला तापलेला रस, घाटावरचा सगळा देश त्याच्याखाली गेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यात कुणी कसं राहील. मग सहज बोलता बोलता तिने सांगितलं, ते तुझे वेटोळेवाले जीव जगातून कायमचे गेले ते त्याच सुमारास. त्यांच्यातला एकसुद्धा पुढे आला नाही.

चंदनाने फोन ठेवला. काळ्या दगडाची पाटा-वरवंट्याची जोडी ओट्याखाली होती, सासूच्या वेळची. त्या दिवशी तिने चटणी मिक्सरला वाटली.

आषाढात कुरुंदवाडच्या बस्तीत एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास सुरू झाला. बेळगावकडच्या होत्या, वयस्क, बोलणं कमी. चंदना एसटीने गेली. दुपारची सामायिक, म्हणजे ध्यानाची बैठक, आटोपून माताजी चटईवर बसल्या होत्या. चंदनाने "वंदामि" म्हटलं, जरा लांब बसली आणि फरशीचं सगळं सांगितलं. पाप लागतं का, हे विचारलं.

माताजींनी शांतपणे ऐकून घेतलं. जीव कधीच निघून गेला, उरलं ते नुसतं पुद्गल, म्हणजे निर्जीव द्रव्य, त्यावर पाय पडला तर हिंसा होत नाही, असं त्यांनी सांगितलं. चंदनाला हे उत्तर ठाऊक होतं. हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. ती उठली नाही. माताजींनीच विचारलं, अजून काय आहे.

"त्यो सगळा वंशच बुडाला, माताजी. एक बी उरला न्हाय म्हणत्यात. मग त्या योनीतला जीव परत तिथं जन्माला यायचा म्हटलं तर कुठं येणार?"

माताजींनी दाराकडे बघितलं. बाहेर पावसाची झड होती. मग म्हणाल्या, "ह्या भूमीवर नसंल. सगळ्या द्वीपांच्या पलीकडं शेवटचा समुद्र हाय, स्वयंभूरमण. तिथं जलचर हायती. तिथं असंल." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "तू बी त्या योनीतनं गेलीस, अव्वा. मी बी गेले. कोण कुठल्या देहातनं गेलं न्हाय?"

बस्तीतून निघाल्यावर ती जुन्या घरी गेली. कुलूप काढलं नाही, मागच्या बाजूने गोठ्याकडे गेली. गवत उंच वाढलं होतं. भिंतीवर दोन पुरांच्या दोन रेघा होत्या, एक वर, एक खाली. तक्त्यावरच्या रेघांसारख्या. खालचा गाळ आता पायाला टणक लागत होता. तिथे ती उभी राहिली आणि माताजींचं शेवटचं वाक्य तिच्या ध्यानात नीट उतरलं. आजवर आपण दुसऱ्या कुणाला तुडवतोय असं तिला वाटत होतं. त्या लांब हातांच्या आणि डोळ्यांच्या जिवाकडे ती परका म्हणून बघत होती. पण इतक्या काळात, इतक्या जन्मांत, ती स्वतः तिथून गेली असेल तर फरशीतलं एखादं कवच तिचंच टाकलेलं असेल. तिनेच ते डोळे वापरलेले असतील.  

घरी आल्यावर ती एकेका वेटोळ्याकडे बघत राहिली. कोणतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. अर्ध्या कापलेल्यापाशी ती सगळ्यांत जास्त वेळ बसली.

श्रीपालला यातलं तिने काही सांगितलं नाही. पण बारा महिने एका छताखाली राहणाऱ्या माणसाच्या अंगाला दुसऱ्याची भीती न सांगताही लागते. दसऱ्यानंतरची गोष्ट. शाहूवाडीकडचं एक गिऱ्हाईक देवघरापुरता पिवळा दगड घ्यायला आलं. कटरवाला मिस्त्री जोतीराम त्या दिवशी सुटीवर होता, म्हणून श्रीपालने स्वतः मशीन लावलं. तरुणपणी त्याने ते काम पुष्कळ केलेलं होतं. खूण मारली, पाणी सोडलं, पातं खाली आणलं. पाणी पडल्याबरोबर पात्याच्या वाटेत एक वेटोळं उमटलं. मोठं, पुरं, कुठे न मोडलेलं. असली शेकडो त्याने कापून विकली होती. त्याने पातं खाली दाबायला हात टाकला आणि हात तिथेच राहिला. गिऱ्हाईक विचारायला लागलं, काय झालं मालक. श्रीपालने मशीन बंद केलं. दगडात चीर आहे, फुटेल, असं सांगून त्याला पांढरा मार्बल दिला.

भर दुपारी तो घरी आला. चंदना स्वयंपाकघरात होती. त्याने दारात चपला काढल्या, नेहमीसारखा हॉलमधून सरळ यायला पाय उचलला आणि भिंतीकडे वळला. पांढऱ्या पट्टीवरून, एक हात भिंतीला टेकवत, आडवा आडवा चालत आला. धिप्पाड माणूस, पट्टी वीतभर. तिला हसू यावं असं ते दृश्य होतं, पण तिला हसू आलं नाही.

"पाणी दे," तो म्हणाला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "त्यो लॉट भिताडाकडं तोंड करून लावला आज."



दिवाळीत आदिती आली तेव्हा आई-वडील दोघेही भिंतीच्या कडेने चालत होते. तिला आधी काही कळेना, मग ती घाबरली आणि मग चिडली. मी तुम्हाला शिकवायला नको होतं, असं म्हणाली. श्रीपाल म्हणाला की फरशी काढून टाकू, दुसरी घालू. कुठली घालायची तेवढं तू सांग, जिच्यात कोण नसेल.

आदितीने खरं काय ते सांगितलं. तिला त्यात आईची समजूत काढायची होती. म्हणाली, काळा दगड घालावा तर तो वर आला तेव्हाच हे जीव संपले, म्हणून आई त्यावर चालणार नाही. टाइल घाला, पण ती बसवणार सिमेंटवर. सिमेंट चुनखडीचं होतं आणि चुनखडी बहुतेक अशाच कवचांची. भिंतीचा चुना तोच. तुमच्या पानातला चुना तोच, आण्णा. कृष्णेवरचा पूल तोच. आपण ही जी हवा आत घेतो ना, ती सुद्धा डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी अब्जावधी वर्षं बसून केलेली आहे, तक्त्याचा तो खालचा लांब पट्टा सगळा त्याचाच आहे. आई, मोकळी जागा कुठेच नाही.

चंदना भिंतीला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने भिंतीवरचा हात काढून घेतला, मग पायाखालच्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं. वर्षभर जिच्यावरून ती इतकं सांभाळून चालली होती ती पट्टीही त्यांच्याच चुऱ्यावर बसवलेली होती. तिने एक श्वास घेतला आणि तो घेतानाही तिला कळलं की आपण हाही त्यांचाच घेतोय.

"म्हंजे टाळायचं म्हटलं तर टाळताच येत न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

 तिसऱ्या दिवशी सकाळी आदितीने पाहिलं, आईने घोंगड्या, सतरंज्या, वाकळा सगळ्या उचलून अंगणात उन्हाला टाकल्या होत्या. फरशी ओल्या फडक्याने पुसून काढलेली होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सगळे जीव वर आलेले होते आणि चंदना त्यांच्या मधोमध अनवाणी उभी होती. मग ती चालायला लागली. मुंगीच्या रांगेपाशी चालतात तशी हळू, पण वळसा न घेता. एका वेटोळ्यावर पाय आला, तिने तो उचलला नाही. आदितीने विचारलं, आई, बरं वाटतंय का आता?

"बरं काय वाटायचंय त्यात," चंदना म्हणाली. "गार लागतंय पायाला."

ती आजही तशीच चालते. भीती गेली असं तिने कधी म्हटलं नाही. दुपारी घरात एकटी असली की खाली कुणीतरी असल्याचं अजून जाणवतं, आणि मग ती कधी कधी कामाविनाच हॉलमधून एक फेरी मारून येते. गोडाऊनमधला लॉट तसाच आहे, पाठ करून उभा. मागच्या पावसात त्याच्यावर शेवाळ धरलं. गिऱ्हाइकाने विचारलं तर श्रीपाल सांगतो, बुकिंगचा आहे.

श्रीपालला मात्र अजून मधून चालता येत नाही. जेवायची वेळ झाली की चंदना हाक मारते आणि तो भिंतीला हात लावून पट्टीवरून यायला निघतो. वेळ लागतो. तोवर दिवस कलतो, आणि तिला अंधाराच्या आत जेवायचं असतं. मग ती त्याचं ताट उचलते, हॉलच्या मधून सरळ चालत जाते आणि तो जिथे पोचला असेल तिथे, भिंतीशी, त्याच्यासमोर ठेवते.